डोळ्याचा दाह, सगळे रिपोर्ट नॉर्मल: मग डोळ्याच्या आत चाललंय काय? (युव्हिआयटिस आणि सायटोकाईन)

वाघूर (जळगाव)

नमस्कार मंडळी.

आपल्याकडे डोळा लाल झाला की घरात दोन निदानं तयारच असतात: डोळे आले, नाहीतर उष्णता झाली. मग गुलाबपाणी, धण्याचं पाणी, कुणी आईचं दूध घालतं, कुणी मेडिकलवरून मिळतील ते ड्रॉप्स आणतं. माझ्या धाकट्या भावाला (वय ३४, पाचोऱ्याला ठिबकच्या साहित्याचं दुकान) जे झालंय ते या दोन्हींत बसत नाही. त्याला युव्हिआयटिस आहे, आणि तो पुन्हापुन्हा उलटतो.

डोळ्याच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक मधला थर असतो. पुढे बुबुळाचा रंगीत पडदा, त्यामागे डोळ्यातलं पाणी तयार करणारा भाग, आणि मागे रेटिनाखालचा (म्हणजे चित्र टिपणाऱ्या मागच्या पडद्याखालचा) थर. या थराला दाह झाला की तो युव्हिआयटिस. डोळा लाल होतो पण चिपडं येत नाहीत. उजेड सहन होत नाही, आत ठणकतं, धुरकट दिसतं. भावाच्या डॉक्टरांनी एकेक करून सगळं तपासलं: छातीचा सीटी, मांटू (टीबीची कातडीवरची टेस्ट), सिफिलिसच्या टेस्ट, एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवातात सापडणारी जनुकीय खूण), एएनए (स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडीची टेस्ट), एसीई (सार्कॉइडोसिस या आजारासाठीची रक्ताची टेस्ट). काहीच निघालं नाही. फाइलवर लिहिलं ‘इडिओपॅथिक’, म्हणजे कारण अज्ञात.

घरात याचा अर्थ लावला गेला तो असा: "रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे आजार काही नाही. मग हे ड्रॉप्स महिनोन्‌महिने कशाला?" लाली गेली की भाऊ ड्रॉप्स बंद करतो, आणि काही आठवड्यांनी डोळा परत लाल. मी बायोकेमिस्ट्री शिकवते. त्याला समजावता यावं म्हणून या विषयातलं जे वाचलं, ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक गंमतीची गोष्ट. निरोगी डोळा हा रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीने शांतता क्षेत्र आहे. पीटर मेडावर यांनी १९४८ साली सशांवरच्या प्रयोगांत परक्या सशाची कातडी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रोवून पाहिली. एरवी शरीर परकी कातडी झटकन नाकारतं, पण तिथे रक्तवाहिन्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत तोवर ती टिकली. (मेडावरना १९६० चं नोबेल मिळालं, ते शरीर परक्या ऊतीला कसं सहन करायला शिकतं यावरच्या कामासाठी.) नंतर कळलं की डोळ्यातल्या पाण्यात टीजीएफ-बीटासारखे रेणू कायम असतात आणि ते प्रतिकारपेशींना दाबून धरतात. शिवाय रक्त आणि डोळ्यातलं पाणी यांच्यामध्ये पक्की भिंत असते. हे निसर्गाने केलं कारण डोळ्यात थोडीशी सूजसुद्धा नजर घालवू शकते.

युव्हिआयटिसमध्ये ही शांतता मोडते. पेशी एकमेकींना निरोप द्यायला जे लहान प्रथिनांचे रेणू सोडतात, त्यांना सायटोकाईन म्हणतात, आणि पेशींना "इकडे या" म्हणून बोलावणाऱ्यांना केमोकाईन. टीएनएफ-अल्फा रक्तवाहिन्यांची भिंत सैल करतो. आयएल-६ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, सायटोकाईनचाच एक गट) सूज वाढवतो, आणि टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आयएल-१७ बनवणाऱ्या आक्रमक जातीकडे ढकलतो. इंटरफेरॉन-गॅमा मॅक्रोफेज पेशींना चेतवतो. आयएल-८ न्यूट्रोफिल बोलावतो, एमसीपी-१ मोनोसाइट बोलावतो, आयपी-१० टी-पेशींना. (मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, मोनोसाइट या सगळ्या प्रतिकारपेशीच.) आलेल्या पेशी आणखी निरोप सोडतात, त्यावर आणखी पेशी येतात.

हे मोजतात कसं? डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सगळं मिळून पाव मिलीलिटरच्या आसपास पाणी असतं. भुलीचे थेंब घालून, अगदी बारीक सुईने त्यातलं ०.१ ते ०.२ मिली काढतात. शरीर ते पुन्हा भरून काढतं. पूर्वीच्या पद्धतीने एवढ्याशा पाण्यात एखाददुसराच रेणू मोजता यायचा. आता सूक्ष्म मण्यांची पद्धत आहे: प्रत्येक प्रकारच्या मण्याला वेगळा रंगसंकेत आणि त्यावर एकेका सायटोकाईनला पकडणारं अँटिबॉडी. ५० मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका थेंबात, वीस-पंचवीस रेणू एकदम मोजून होतात. तुलनेला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेल्या, डोळ्यात दाह नसलेल्या लोकांचं पाणी घेतात, त्यांची परवानगी घेऊन.

आणि इथे माझ्या भावासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. ज्यांचं कारण सापडलेलं नाही अशा डोळ्यांतही आयएल-६, आयएल-८, आयपी-१०, एमसीपी-१ यांची पातळी निरोगी डोळ्यापेक्षा चांगलीच वाढलेली सापडते. त्याच माणसाच्या रक्तात मात्र अनेकदा काहीच वेगळं दिसत नाही. म्हणजे दंडातून काढलेल्या रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, याचा अर्थ डोळ्यातही सगळं नॉर्मल, असा लावताच येत नाही. कारण माहीत नाही, पण दाह खरा आहे. डोळ्यात चालू आहे आणि मोजता येतो.

माझे प्रश्न: कारण अज्ञात म्हणण्याआधी आणखी काय पाहायचं राहू शकतं? आणि या रेणूंच्या अभ्यासातून पेशंटच्या हाती आजवर काय आलं?

तापीपार (शिरपूर)

ताई, तुम्हीन इतलं समजाडीसन सांगं! मना बापना डोया बी असाच लाल व्हये. आम्ही उष्णता शे म्हनीसन सोडी दिधं. आते समजनं. वाची ऱ्हायनू, लिखत ऱ्हावा.

केळीबाग (रावेर)

उत्तम धागा. एक शंका. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बागेत दुपारी उभं राहवत नाही, डोळ्यांची आग होते, लाल होतात. त्यात आणि यात फरक घरच्या माणसाने कसा ओळखायचा? प्रत्येक लाल डोळ्यासाठी जळगाव गाठणं जमत नाही.

पांझराकाठ (धुळे)

मी नेत्रतज्ज्ञ आहे. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, थोडं लांब होईल.

केळीबाग, फरक ओळखण्याजोगा आहे. डोळे येतात तेव्हा चिकट किंवा पाणचट स्राव येतो, सकाळी पापण्या चिकटतात, बहुधा दोन्ही डोळे धरतात, घरात आणखी कुणाला झालेलं असतं, आणि नजर शाबूत असते. उन्हाने, धुळीने कोरडा पडलेला डोळा चुरचुरतो, पण गार पाण्याने धुतला, सावलीत बसलं की बरं वाटतं. पुढच्या भागाचा युव्हिआयटिस असेल तर लाली बुबुळाच्या भोवती कड्यासारखी जास्त दाट असते, बाहुली लहान किंवा वाकडी दिसते, उजेडात डोळा उघडवत नाही, नजर अंधूक होते. सोपी खूण सांगतो: चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला तरी दुखऱ्या डोळ्यात कळ येते का पाहा, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. लाल डोळा + दुखणं + नजर कमी, या तिन्हींपैकी दोन जरी असतील तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. उन्हाने युव्हिआयटिस होत नाही. उन्हाळ्याच्या नावाखाली तो महिनाभर घरात राहतो, हे मात्र मी दर वर्षी पाहतो.

आता वाघूरताईंचा पहिला प्रश्न. आम्ही आत काय पाहतो ते आधी सांगतो. खोली काळोखी करून स्लिट लॅम्पची (डोळा मोठा करून पाहायच्या दिव्याच्या यंत्राची) १ मिमी बाय १ मिमीची प्रखर तिरीप डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातून टाकायची. निरोगी डोळ्यात ती तिरीप काळीशार, रिकामी असते. दाह असेल तर त्यात पांढऱ्या पेशी हळूहळू वरखाली फिरताना दिसतात, कौलातून आलेल्या कवडशात धूळ तरंगते तशा. त्या आम्ही मोजतो. १ ते ५ पेशी म्हणजे अर्धा प्लस, ६ ते १५ म्हणजे १ प्लस, १६ ते २५ म्हणजे २ प्लस, २६ ते ५० म्हणजे ३ प्लस, ५० च्या वर ४ प्लस. ही मोजणी २००५ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवली, म्हणजे धुळ्याचा डॉक्टर आणि चेन्नईचा डॉक्टर एकाच मापात बोलतात. पेशी वेगळ्या आणि पाण्यातला गढूळपणा वेगळा. तो भिंत फुटून रक्तातलं प्रथिन आत झिरपल्याचा.

म्हणून भावाला एवढंच सांगा: बाहेरची लाली गेली तरी तिरिपीत पेशी असू शकतात. ड्रॉप्स कधी थांबवायचे ते आरसा ठरवत नाही, स्लिट लॅम्प ठरवतो. पेशी असताना ड्रॉप्स बंद केले तर बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. मग बाहुली गोल राहत नाही, सगळी कड चिकटली तर पाण्याचा रस्ता बंद होऊन काचबिंदू होतो.

कारण अज्ञात म्हणण्याआधी काय पाहायचं? आपल्या देशात पहिलं नाव टीबी. पण इथेच पेच आहे. भारतात असंख्य निरोगी लोकांची मांटू पॉझिटिव्ह येते, कारण टीबीच्या जंतूशी लहानपणीच गाठ पडलेली असते. त्यामुळे नुसती मांटू पॉझिटिव्ह म्हणून डोळ्यात टीबी, असं म्हणता येत नाही. निगेटिव्ह आली म्हणून नाही, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. डोळ्यातलं चित्र, छातीचा सीटी, रक्तातली इंटरफेरॉन-गॅमाची टेस्ट, सगळं जुळवून ठरवावं लागतं. ती टेस्टसुद्धा ताईंनी सांगितलेल्या निरोपावरच चालते: पेशंटच्या टी-पेशींना टीबीच्या जंतूची प्रथिनं दाखवायची, ओळख असेल तर त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, तो मोजायचा.

दुसरं, नागीण गटातले विषाणू. डोळ्यातलं थोडं पाणी काढून त्याचा पीसीआर (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट) केला तर ते सापडतात. तिसरं सिफिलिस. लोक लाजतात, डॉक्टरही विचारायला संकोचतात, पण तपासायलाच हवं, कारण औषधाने पूर्ण बरा होणारा आहे. आपल्या भागात पुराच्या पाण्यात, चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसबद्दल विचारावं. १९९३-९४ च्या सुमारास मदुराई भागात पुरानंतर लेप्टोमुळे युव्हिआयटिसची साथच आली होती, तोवर तिथे असं काही असतं याची फारशी दखल नव्हती.

आणि अज्ञाताची ही पेटी हळूहळू रिकामी होते आहे, हे लक्षात घ्या. एचएलए-बी२७ चा संबंध १९७३ मध्ये कळला, त्याआधी अशा तरुणांच्या फाइलवरही कारण अज्ञातच लिहिलं जायचं. फुक्स नावाचा एक प्रकार आहे, एकाच डोळ्यात, न दुखणारा. वर्षानुवर्षं त्याचं कारण कुणाला सांगता येत नव्हतं. २००४ साली त्या डोळ्यांतल्या पाण्यात रुबेलाविरुद्धची अँटिबॉडी डोळ्यातच तयार होत असल्याचं दाखवलं गेलं. तरीही आज मोठमोठ्या केंद्रांतसुद्धा तीनातल्या एका पेशंटला, कुठे त्याहून जास्तांना, नेमकं कारण सांगता येत नाही. भावाच्या डॉक्टरांनी कमी केलं असं मला वाटत नाही. त्यांनी यादी नीट पुरी केली आहे.

एक विचारायचं राहिलं: पाठ पहाटे आखडते का, मोकळी व्हायला अर्धा तास लागतो का? तोंडात वारंवार फोड येतात का? बी२७ निगेटिव्ह असला तरी हे प्रश्न संपत नाहीत. आणि विडी-सिगारेट असेल तर सोडायला लावा. धूम्रपानाचा या आजाराशी संबंध दिसलेला आहे.

लोको_पायलट (भुसावळ)

डॉक्टरसाहेब, ताई, माहिती चांगली आहे पण मला स्पष्ट विचारायचं आहे. डोळ्यात सुई घालून पंचवीस रेणू मोजले. पुढे काय? शेवटी सगळ्यांना स्टिरॉइडच देतात ना? गरीब माणसाला या तपासणीचा उपयोग नसेल तर त्याला उगाच खर्चात का घालायचं? माझ्या साडूंना एका ठिकाणी असल्या महागड्या टेस्टची यादी देण्यात आली होती, त्यातल्या निम्म्या पुढच्या डॉक्टरांनी पाहिल्यासुद्धा नाहीत.

वाघूर (जळगाव)

लोकोभाऊ, प्रश्न अगदी रास्त आहे. आधी स्पष्ट करते: सायटोकाईनची ही मोजणी आज रोजच्या उपचारातली टेस्ट नाही. संशोधनात केली जाते. कारण वेगवेगळ्या आजारांत तेच रेणू वाढलेले सापडतात, त्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. आयएल-६ वाढला म्हणून हा अमुकच आजार, असं म्हणता येत नाही. कुणी बाहेर अशी टेस्ट महागात करायला सांगितली तर ‘याने माझ्या उपचारात काय बदलणार?’ हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पण यातून काहीच हाती आलं नाही असं नाही. ते डॉक्टरच चांगलं सांगतील.

पांझराकाठ (धुळे)

सांगतो. मला या विषयात सगळ्यात जास्त जीव अडकलेला भाग हाच आहे.

एक उपयोग आजही रोजच्या कामातला आहे, आणि तो जीव वाचवतो. साठीच्या आसपासचा माणूस, मागच्या भागाचा युव्हिआयटिस, स्टिरॉइडने थोडं बरं वाटतं, परत उलटतं, सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. असा दिसणारा दाह कधीकधी दाह नसतोच. तो लिम्फोमा असतो, रक्तपेशींचा कर्करोग, डोळ्यात लपलेला, आणि त्याचा मेंदूशी संबंध असतो. त्या कर्करोगाच्या बी-पेशी आयएल-१० भरपूर सोडतात. खऱ्या दाहात आयएल-६ वरचढ असतो. म्हणून डोळ्यातल्या द्रवात आयएल-१० हा आयएल-६ पेक्षा जास्त निघाला तर आमचे कान टवकारतात. नक्की निदान पेशी पाहूनच होतं, पण कुठे शोधायचं ते या दोन रेणूंच्या गुणोत्तराने कळतं. लोकोभाऊ, अशा पेशंटला ती सुई अजिबात उगाच नाही.

दुसरा उपयोग औषधाचा. तुम्ही म्हणता तसं पहिलं औषध स्टिरॉइडच, कारण ते सगळेच निरोप एकदम दाबतं. पण तेच स्टिरॉइड वर्षभर चाललं तर मोतीबिंदू आणतं, डोळ्याचा दाब वाढवतं. गोळ्या असतील तर साखर, हाडं, वजन. म्हणून वारंवार उलटणाऱ्या पेशंटला स्टिरॉइड कमी करणारं दुसरं औषध लागतं. यात सगळ्यात स्वस्त आहे मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. (रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे दर पेशंटला मी कागदावर वार लिहून देतो.) २०१९ साली त्याची तुलना महाग मायकोफिनोलेटशी झाली. २१६ पेशंट होते, त्यांतले बरेचसे भारतातले. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवर ६७ टक्क्यांना यश आलं, मायकोफिनोलेटवर ५७ टक्क्यांना. महाग औषध स्वस्ताहून सरस ठरलं नाही. गरीब माणसासाठी ही फार मोठी बातमी होती.

त्यानेही भागलं नाही तर एकाच निरोपाला अडवणारं औषध. डोळ्यात टीएनएफ-अल्फा वाढतो हे दिसलं होतं, त्याला बांधून ठेवणारं अडालिमुमॅब सांधेदुखीत चालत होतंच. २०१६ मध्ये मधल्या, मागच्या आणि सगळ्या डोळ्याच्या, जंतूमुळे न झालेल्या युव्हिआयटिससाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. या आजारासाठी स्टिरॉइडखेरीजचं मान्यता मिळालेलं असं ते पहिलं औषध. कारण अज्ञात असलेले पेशंटही त्यात होते, आणि त्यांनाही फायदा झाला. ताई, हे भावाला नक्की सांगा: कारण माहीत नसतानाही निरोप अडवता येतो.

आता उलटी बाजू, जी मला तितकीच मोलाची वाटते. आयएल-१७ सुद्धा डोळ्यात वाढलेला सापडतो. त्याला अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१३ मध्ये निकाल आले, आणि ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट एकीतही गाठलं गेलं नाही. टीएनएफलाच अडवणारं दुसरं औषध, एटानरसेप्ट, सांध्यांना उपयोगी, पण डोळ्याला नाही. उलट ते चालू असताना युव्हिआयटिस झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे एखादा रेणू डोळ्यातल्या पाण्यात वाढलेला दिसला म्हणून तोच आग लावतो आहे असं ठरत नाही. तो नुसता हजर असू शकतो. कदाचित वेगवेगळ्या पेशंटमध्ये वेगवेगळा निरोप मुख्य असेल, आणि आपण सगळ्यांना ‘अज्ञात’ या एकाच खोलीत बसवलं असेल. म्हणून मोजत राहायला हवं. उद्या एखाद्या पेशंटच्या पाण्यात आयएल-६ सर्वांत वर असेल तर त्याला आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब आधी द्यायचं, असं ठरवता यायला हवं. आज ते औषध आम्ही मुख्यतः बाकीचं फसल्यावर वापरतो, विशेषतः रेटिनाच्या मध्यभागी सूज असेल तेव्हा.

सातपुडा (तळोदा)

मी आरोग्य विभागात काम करतो, गावपातळीवर. एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. टीएनएफ हा टीबीच्या जंतूभोवती पेशींचा वेढा टिकवून ठेवतो. तो अडवला की वेढा सुटतो आणि झोपलेला टीबी जागा होतो. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा फोटो आणि टीबीच्या टेस्ट करतातच. आमच्याकडचे लोक कामासाठी गुजरातेत जातात, ऊसतोडीला जातात, औषध एका गावात आणि माणूस दुसऱ्या गावात. असं इंजेक्शन चालू असलेल्याला खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, यातलं काहीही झालं तर ताबडतोब सांगायला हवं, आणि जिथे जाल तिथल्या डॉक्टरला ‘मला हे इंजेक्शन चालू आहे’ हे सांगायला हवं. चिठ्ठी खिशात ठेवा.

दुसरं, मेडिकलवर बिनचिठ्ठीचे स्टिरॉइड ड्रॉप्स. पाड्यावर एका बाईच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्नियाला) भाताच्या तुसाची जखम होती, बुरशी लागली होती. कुणीतरी ‘लाल डोळ्याचे’ म्हणून स्टिरॉइड ड्रॉप्स दिले. तो पडदा पांढरा झाला. हेच ड्रॉप्स वाघूरताईंच्या भावासाठी औषध आहेत आणि त्या बाईसाठी घात होते. पाहिल्याशिवाय कुणाला देऊ नका, शेजारणीची बाटलीसुद्धा नको.

खापरावरचे_मांडे (अमळनेर)

हा धागा वाचून हात लिहायला धजावला.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचा गुडघा सुजला. पडली असेल म्हणून तेल लावत राहिलो. मग लहान मुलांच्या संधिवाताचं निदान झालं, त्याच्याही नावात ‘इडिओपॅथिक’ आहेच. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आजच डोळे दाखवा. मी म्हटलं डोळ्याला काय झालंय? पांढरेशुभ्र, टपोरे. दुखत नाहीत, लाल नाहीत, पाणी नाही. दाखवले तर दोन्ही डोळ्यांत पेशी. एका डोळ्याचं बुबुळ चिकटायला सुरुवात झाली होती.

पांझराकाठ डॉक्टरांनी दुखणाऱ्या डोळ्याच्या खुणा सांगितल्या त्या मोठ्या माणसांसाठी. लहान मुलांमध्ये या आजारात डोळा काहीच सांगत नाही, म्हणून कृपया कुणाच्याही मुलाचा सांधा सुजला असेल तर डोळे चांगले दिसतात यावर जाऊ नका. ज्या मुलांचा आजार सात वर्षांच्या आत सुरू झाला, थोडेच सांधे धरले आणि एएनए पॉझिटिव्ह आहे, त्यांना दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर बसवावं लागतं. आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी सगळं घर जमतं, तेव्हाही तपासणीची तारीख आली तर आम्ही ती चुकवत नाही. सासूबाईच आठवण करतात आता.

तिला आधी ड्रॉप्स, मग मेथोट्रेक्सेट, आणि तरीही पेशी राहिल्या म्हणून अडालिमुमॅब. अशा मुलांवर मेथोट्रेक्सेटसोबत अडालिमुमॅबची चाचणी झाली होती, ९० मुलं होती, २०१७ मध्ये निकाल आला. फायदा इतका उघड दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवली, असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं. आता माझी मुलगी वर्गात मागच्या बाकावरून फळा वाचते.

पांझराकाठ (धुळे)

मांडेताई, फार मोलाचं लिहिलंत. पांढऱ्या डोळ्याची ही गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती, इतकी ती महत्त्वाची आहे. बालरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांनाही हा परिच्छेद पाठवतो आहे.

केळीबाग (रावेर)

डॉक्टरसाहेब, खूण नीट लक्षात आली. उद्याच वडिलांना दाखवतो, त्यांचा उजवा डोळा दोन आठवड्यांपासून उजेडात मिटतोच आहे, आणि आम्ही उष्णतेवर ढकलत होतो.

ड्रॉप्स घालण्याची काही पद्धत असते का?

पांझराकाठ (धुळे)

असते. स्टिरॉइडचे पांढरट ड्रॉप्स असतील तर औषध तळाशी बसतं, दर वेळी बाटली नीट हलवायची. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने मिनिटभर हलकं दाबायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळ्या ड्रॉप्समध्ये पाच मिनिटांचं अंतर. बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स दिले तर त्यांनी जवळचं दिसत नाही आणि ऊन जास्त लागतं. लोक घाबरून तेच आधी बंद करतात, पण बुबुळ चिकटू नये म्हणून ते दिलेले असतात. सुरुवातीला स्टिरॉइड दर तासाला, मग आठवड्या-आठवड्याने कमी. हे कमी करणं डॉक्टरच्याच तक्त्याप्रमाणे. वडिलांना उद्या नको, शक्य असेल तर आजच न्या.

लोको_पायलट (भुसावळ)

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, मनापासून आभार. लिम्फोमाचं वाचून साडूंना फोन केला. वय ६१ आहे, मागच्या भागाचाच त्रास आहे आणि दोनदा उलटला आहे. फाइल घेऊन मोठ्या केंद्रात दाखवायला सांगितलं आहे. बरोबर काय काय न्यायचं?

पांझराकाठ (धुळे)

सुरुवातीपासूनचे सगळे कागद, तारखेच्या क्रमाने. कोणतं औषध कधी सुरू, कधी कमी, आणि कमी केल्यावर किती दिवसांनी उलटलं, हे एका पानावर लिहून न्या. डोळ्याचे फोटो, ओसीटी (रेटिनाच्या थरांचा स्कॅन) असतील तर मूळ प्रती. जुन्या टेस्ट नेल्या तर पुन्हा पैसे जात नाहीत. आणि एक: जाण्याआधी मनाने स्टिरॉइड वाढवू नका किंवा थांबवू नका. स्टिरॉइड चालू असेल तर लिम्फोमाच्या पेशी द्रवात कमी सापडतात, त्यामुळे कधी काढायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील.

वाघूर (जळगाव)

भावाला काल हा सगळा धागा वाचून दाखवला. पाठीचं विचारलं तर म्हणाला, पहाटे आखडते, पण दुकानात ओझी उचलतो म्हणून असेल. किती वेळ आखडते विचारलं तर म्हणाला, दुकान उघडेपर्यंत. संधिवाततज्ज्ञाची वेळ घेतली आहे. ड्रॉप्स परत सुरू केलेत, तक्त्याप्रमाणे, तक्ता फ्रिजवर लावलाय.

मांडेताई, एक विचारते. पुढेमागे अडालिमुमॅबची वेळ आली तर इंजेक्शन आणायचं-ठेवायचं कसं करता? आपल्याकडचा मे म्हणजे घरात सुद्धा भट्टी, त्यात लाइट जाते.

खापरावरचे_मांडे (अमळनेर)

ताई, २ ते ८ अंशात ठेवायचं, म्हणजे फ्रिजच्या मधल्या फळीवर, खोक्यातच, कारण उजेडही लागू द्यायचा नसतो. दारात नको, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर अजिबात नको. एकदा गोठलं की वितळलं तरी वापरायचं नाही. आम्ही औषधवाल्याकडून थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक घालून आणतो, पॅक आणि खोकं यांच्यामध्ये टॉवेलची घडी, म्हणजे इंजेक्शन बर्फाला टेकत नाही. आमच्या पत्रकावर २५ अंशांच्या आत १४ दिवस बाहेर चालतं असं आहे, पण मेमध्ये आपल्या घरात २५ अंश कुठे मिळणार? त्यामुळे तो हिशोब धरूच नका. तुमच्या औषधाचं पत्रक वेगळं असू शकतं, ते वाचून घ्या. लाइट गेली तर फ्रिज उघडायचा नाही. जास्त वेळ गेली तर समोरच्या दूध डेअरीवाल्या भाऊंकडे डबा ठेवतो, त्यांच्याकडे जनरेटर आहे. टोचण्याआधी वीसेक मिनिटं खोलीत ठेवायचं, म्हणजे कमी दुखतं. मुलगी आता स्वतःच घड्याळ लावते.